लिंग की विभक्ती? : सी प्लस प्लस भाषेतील ॲलोकेटर-योजनेची चिकित्सा

१

संगणकाच्या भाषा मनुष्यनिर्मित असतात, एवढ्यावरून त्यांना व्याकरण नसते असे मानण्याचे कारण नाही. किंबहुना नैसर्गिक भाषेचे व्याकरण व्यवहारामागून येते, तर या भाषांत व्याकरण आधी येते आणि व्यवहार मागून. त्यामुळे व्याकरणकर्त्याची चूक येथे अधिक महाग पडते. नैसर्गिक भाषेच्या व्याकरणकाराने एखादा नियम चुकीचा सांगितला, तर बोलणारे त्याकडे दुर्लक्ष करून बोलत राहतात. कृत्रिम भाषेत मात्र चुकीचा नियम हाच भाषेचा नियम ठरतो, आणि त्यावर हजारो रचना उभ्या राहिल्यानंतर तो मागे घेणे अशक्यप्राय होते. सी प्लस प्लस या भाषेच्या प्रमाणग्रंथातील ॲलोकेटर-योजना हे अशा नियमाचे बोधप्रद उदाहरण होय.

योजनेचा विषय थोडक्यात असा. या भाषेच्या प्रमाण लायब्ररीत व्हेक्टर, लिस्ट, मॅप, स्ट्रिंग इत्यादी कंटेनर, म्हणजे मूल्ये साठविण्याची पात्रे, तयार दिलेली आहेत. पात्रात मूल्ये वाढू लागली की पात्राला संगणकाच्या मेमरीतून, म्हणजे स्मृतीतून, अधिक जागा मागावी लागते, आणि काम संपल्यावर ती परत करावी लागते. सामान्यतः ही जागा संपूर्ण प्रोग्रॅमच्या सामाईक साठ्यातून मिळते व पात्र वापरणाऱ्यास तिचा विचारही करावा लागत नाही. परंतु कधी कधी जागा कोठून घ्यावी हे त्यालाच ठरवावयाचे असते. त्याची कारणे मुख्यत्वे तीन. पहिले स्थानाचे : विशिष्ट प्रकारच्या स्मृतीतच मूल्ये ठेवणे आवश्यक असते. दुसरे वेगाचे : सामाईक साठ्यातून वारंवार लहान लहान तुकडे मागणे खर्चिक ठरते. तिसरे आयुर्मानाचे : एका कामासाठी घेतलेली सर्व जागा ते काम संपताच एकरकमी सोडून द्यावयाची असते. पात्राच्या वतीने जागा मागणारा व परत करणारा जो मध्यस्थ, त्याला ॲलोकेटर अशी संज्ञा आहे.

प्रश्न असा की, या मध्यस्थाचे भाषेच्या व्याकरणात स्थान कोणते? तो पात्राच्या प्रकाराचा अंगभूत घटक मानावा, की त्या त्या पात्राला प्रसंगाने प्राप्त झालेली उपाधी मानावी? मराठी व्याकरणाच्या परिभाषेत विचारावयाचे तर, ॲलोकेटर हे पात्राचे लिंग आहे की त्याची विभक्ती? या प्रश्नाला १९९८ च्या प्रमाणग्रंथाने एक उत्तर दिले, २०१७ च्या आवृत्तीने दुसरे. दोन्ही उत्तरे अपुरी का आहेत, हे पाहणे हा प्रस्तुत चिकित्सेचा हेतू आहे.

२

प्रश्नाचे स्वरूप एका घरगुती उदाहरणाने स्पष्ट होईल. चिमूर परिसरात बांबूचे सूप, टोपली, कणगी या वस्तू घरोघरी परिचित आहेत. त्या विणणाऱ्यास बांबू अनेक मार्गांनी मिळू शकतो. वन विभागाच्या आगारातून मिळेल, एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावरून मिळेल, किंवा गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाप्रमाणे ज्या गावांना सामूहिक वनहक्क प्राप्त झाले आहेत, त्यांच्या ग्रामसभेकडून मिळेल. विणणाऱ्याच्या दृष्टीने या मार्गांत पुष्कळ फरक आहे : किंमत वेगळी, परवाना वेगळा, हिशेब वेगळा. परंतु सूप हातात घेऊन तांदूळ पाखडणाऱ्या बाईला त्याचे काहीच नाही. आगाराच्या बांबूचे सूप आणि ग्रामसभेच्या बांबूचे सूप अशा दोन जाती भाषेने मानलेल्या नाहीत, आणि एका जातीच्या सुपात पाखडण्याची क्रिया दुसऱ्या जातीसाठी नव्याने शिकावी लागत नाही. द्रव्याचे मूळ हा व्यवहाराचा विषय आहे, वस्तूच्या जातीचा नव्हे.

उदाहरणाची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवली पाहिजे. बांबू एकदा विणला की परत करावयाचा नसतो. स्मृती परत करावयाची असते, आणि ती जेथून घेतली तेथेच परत करावी लागते. एका साठ्यातून घेतलेला तुकडा दुसऱ्या साठ्याच्या खात्यावर जमा केला, तर दोन्ही खात्यांचे हिशेब बिघडतात. या दृष्टीने गावातील दोन धान्यकोठ्यांची उपमा अधिक जवळची आहे. पेरणीच्या वेळी एकीतून उसने घेतलेले बियाणे सुगीनंतर दुसरीत भरून ऋण फिटत नाही. म्हणून पात्र वापरणाऱ्यास द्रव्याच्या मुळाची पर्वा नसली तरी खुद्द पात्राला मात्र ते मूळ जन्मभर स्मरणात ठेवावे लागते. पाहणाऱ्याने विसरावयाचे आणि धारण करणाऱ्याने विसरावयाचे नाही, या दुहेरी मागणीतच या विषयाची सारी अडचण साठलेली आहे.

३

योजनेचा उगम पाहू गेल्यास तो या मागणीत नाही, ही गोष्ट आश्चर्याची वाटते. प्रमाण लायब्ररीतील पात्रांची रचना अलेक्झांडर स्टेपानोव व मेंग ली यांची. ती नोव्हेंबर १९९३ मध्ये प्रमाणीकरण समितीपुढे मांडली गेली आणि जुलै १९९४ मध्ये समितीने ती स्वीकारली. त्या काळी इंटेल कंपनीच्या १९७८ सालच्या ८०८६ या प्रक्रियकाचा वारसा अद्याप प्रबळ होता. त्या प्रक्रियकाची स्मृती ६४ किलोबाइटच्या खंडांत विभागलेली असे. खंडाच्या आतील जागेचा पत्ता १६ बिटांत मावे, त्याला 'निअर' पॉइंटर म्हणत. खंडाबाहेरच्या जागेच्या पत्त्याला ३२ बिटे लागत, त्याला 'फार' पॉइंटर म्हणत. एकाच यंत्रावर पत्त्यांची अशी निरनिराळी रूपे असल्यामुळे पात्राने कोणते रूप वापरावे हे पात्राबाहेर ठरविता यावे, यासाठी स्टेपानोव यांनी ॲलोकेटर कल्पिला. इंटेलच्या स्मृतिरचनेला तोंड देण्यासाठीच तो निर्माण केला, आणि तत्त्वतः कल्पना वाईट नसली तरी प्रत्यक्षात ती साधली नाही, असे त्यांनी स्वतःच पुढे एका मुलाखतीत मान्य केले आहे.

येथे एक भेद करणे अवश्य आहे, आणि पुढील सारे विवेचन त्यावर अवलंबून आहे. पत्त्याचे रूप ही एक गोष्ट. स्मृतीचे मूळ ही दुसरी. पत्ता १६ बिटांचा की ३२ बिटांचा, हा रूपाचा प्रश्न आहे. तो कंपायलरला भाषांतराच्या वेळी ठाऊक असलाच पाहिजे, कारण त्यावर यंत्राच्या आज्ञा अवलंबून असतात. उलट, जागा अमुक साठ्यातून आली की तमुक, हा मुळाचा प्रश्न आहे. तो प्रोग्रॅम चालू असताना ठरला तरी चालते. ॲलोकेटर निर्माण झाला पहिल्या प्रश्नासाठी, आणि त्याच्यावर पुढे भार टाकण्यात आला दुसऱ्याचा. पहिल्या प्रश्नासाठी निवडलेले व्याकरणिक स्थान दुसऱ्यालाही आपोआप मिळाले. ते त्याला योग्य आहे की नाही, याचा विचार मात्र वेळीच झाला नाही.

४

१९९८ च्या प्रमाणग्रंथात प्रत्येक पात्राच्या साच्याला, म्हणजे टेम्प्लेटला, ॲलोकेटर हा अखेरचा घटक म्हणून जोडला गेला. तो सांगितला नाही तर प्रमाण ॲलोकेटर गृहीत धरला जातो. अर्थात बहुसंख्य वापरणाऱ्यांना तो दिसत नाही. परंतु दिसत नसला तरी तो प्रकाराच्या नावात असतो. दोन व्हेक्टरांतील मूल्ये एकाच जातीची, क्रियाही त्याच, पण ॲलोकेटर भिन्न, तर ते दोन प्रकार भिन्न ठरतात.

हे लिंगाचे लक्षण आहे. मराठीत 'आंबा' पुल्लिंगी व 'चिंच' स्त्रीलिंगी. हे लिंग वाक्यात ठरत नाही, शब्द कोशात शिरतानाच ते घेऊन येतो. आणि ते शब्दापुरते थांबत नाही. पिकलेला आंबा पडला, पिकलेली चिंच पडली : विशेषण व क्रियापद दोघांनाही नामाशी अन्वय राखावा लागतो. ॲलोकेटर प्रकारात गेल्याबरोबर हाच अन्वयाचा नियम प्रोग्रॅमभर पसरतो. प्रमाण स्ट्रिंग स्वीकारणारे एखादे फंक्शन असेल, तर निराळ्या ॲलोकेटरची स्ट्रिंग त्याला चालत नाही. मग एक तर ते फंक्शन स्वतःच साचा करावे लागते, म्हणजे विशेषणाला तिन्ही लिंगांची रूपे द्यावी लागतात. नाही तर अक्षरन् अक्षर नव्या स्ट्रिंगमध्ये उतरवून घ्यावे लागते. ज्या बचतीसाठी निराळा ॲलोकेटर आणला, तीच या नकलेत खर्ची पडते. अनेक कर्त्यांच्या लायब्रऱ्या एकमेकींशी ज्या सामाईक प्रकारांतून बोलतात, त्या प्रकारांची एकरूपता येथे भंगते, आणि या योजनेचे सर्वांत मोठे नुकसान हेच होय.

शिवाय ग्रंथाने एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने काढून घेतले. एका ॲलोकेटर-प्रकाराच्या सर्व व्यक्ती परस्पर समान आहेत, आणि त्याचा पॉइंटर हा साधा पॉइंटरच आहे, असे गृहीत धरण्याची मुभा लायब्ररी रचणाऱ्यांस देण्यात आली. याहून व्यापक सोय करण्यास उत्तेजन दिले, पण बंधन घातले नाही. पहिल्या मुभेने, स्वतःचा असा निराळा साठा बाळगणारा ॲलोकेटर निरुपयोगी ठरला. कारण एका साठ्याचा तुकडा दुसऱ्यात परत करण्यास मोकळीक मिळाली. दुसऱ्या मुभेने, ज्या पत्त्यांच्या रूपांसाठी ही योजना जन्मली तेच रूप बाद झाले. स्थान राहिले आणि प्रयोजन गेले, अशी ही अवस्था होती.

संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकास येथे पाणिनीच्या 'बहुलम्' या पदाची आठवण होणे स्वाभाविक आहे. नियम कधी लागतो, कधी लागत नाही, असे तेही सांगते. परंतु दोहोंत मूलभूत अंतर आहे. पाणिनीपुढे शिष्टांचा प्रयोग होता. 'बहुलम्' म्हणजे त्या प्रयोगातील वैविध्याची प्रामाणिक नोंद होती. १९९८ मध्ये समितीपुढे नोंदण्याजोगा प्रयोग नव्हताच. होते ते लायब्ररी रचणाऱ्यांच्या सोयीचे गणित. वर्णन करणाऱ्याने विकल्प सांगितला तर ज्ञानात भर पडते. विधान करणाऱ्याने विकल्प सांगितला तर पाळणाऱ्याची खात्री तेवढी कमी होते. स्कॉट मेयर्स यांना २००१ सालच्या 'इफेक्टिव्ह एसटीएल' या पुस्तकात ॲलोकेटरच्या संकेतांविषयी व निर्बंधांविषयी एक स्वतंत्र कलम सावधगिरीच्या सूचना देण्यात खर्च करावे लागले, यातच या विकल्पाचे फळ दिसून येते.

याच योजनेतील 'रीबाइंड' हा उपनियमही लक्षणीय आहे. पूर्णांकांची लिस्ट घ्यावयाची तर तिला पूर्णांकांचा ॲलोकेटर द्यावा लागतो. पण लिस्ट सुट्या पूर्णांकासाठी जागा कधीच मागत नाही. ती मागते कड्यासाठी, ज्यात पूर्णांकाबरोबर मागच्यापुढच्या कड्यांचे पत्तेही असतात. म्हणून दिलेल्या ॲलोकेटरपासून कड्याचा ॲलोकेटर साधून घ्यावा लागतो. 'घोडा' हे रूप कोशात असते, पण 'घोड्याला', 'घोड्याने' यांत ते कोठेच दिसत नाही, दिसते ते सामान्यरूप. तसाच हा प्रकार. मात्र मराठीत कोशातील रूप निदान प्रथमेत तरी वापरात येते. लिस्टच्या बाबतीत सांगितलेला ॲलोकेटर केवळ साधनिकेपुरता असतो. जे नाव उच्चारावयाचे ते कधीच वापरावयाचे नाही, अशी रचना शिकणाऱ्यास गोंधळात टाकते यात नवल नाही.

५

या योजनेवरील टीका केवळ पंडिती नव्हती. २००७ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या खेळांच्या निर्मात्या कंपनीतील पॉल पेड्रियाना यांनी समितीपुढे एक विस्तृत टिपण ठेवले. खेळांच्या यंत्रांत स्मृती मोजकी असते, तिचे वाटप आधी आखलेले असते, आणि प्रमाण पात्रे या गरजेला उतरत नाहीत, म्हणून कंपनीने स्वतःची पात्रे रचली, असे त्यात सविस्तर सांगितले होते. प्रमाणभाषा सोडून एक व्यवसाय आपली बोली तयार करतो, तेव्हा दोष बोलीचा नसतो.

२०११ च्या आवृत्तीने पुष्कळ दुरुस्ती केली. सर्व व्यक्ती समान मानण्याची मुभा रद्द झाली. साठा बाळगणारे ॲलोकेटर अधिकृत ठरले. पॉइंटरची निराळी रूपेही खऱ्या अर्थाने मान्य झाली. परंतु त्याबरोबर एक नवा प्रश्न उभा राहिला. एका पात्राचे मूल्य दुसऱ्या पात्राला दिले, तर ॲलोकेटरही त्याबरोबर जावा की मागे राहावा? नक्कल करताना, स्थलांतर करताना व अदलाबदल करताना, अशा तीन प्रसंगांसाठी तीन निरनिराळी उत्तरे ॲलोकेटरच्या कर्त्याने आधीच जाहीर करावयाची, असे ठरले. हे तीन प्रश्न उद्भवले, याचाच अर्थ ॲलोकेटर निव्वळ लिंग राहिला नव्हता. ज्याची व्यक्तीव्यक्तीत तुलना करावी लागते, जे बरोबर नेता येते किंवा मागे ठेवता येते, ते जातीचे लक्षण नव्हे. ते व्यक्तीचे नाते आहे.

जात आणि नाते यांतील हा भेद खुद्द चिमूरवरून समजून घेता येतो. चिमूर गाव महसुली कारभारासाठी चंद्रपूर जिल्ह्यात आहे. २००८ च्या पुनर्रचनेपासून लोकसभेसाठी ते गडचिरोली-चिमूर मतदारसंघात आहे. तेथील महाविद्यालयीन शिक्षण पूर्वी नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होते, ते २०११ पासून गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत आले. ही सर्व नाती खरी आहेत आणि त्यांचे परिणामही मोठे आहेत. कोणता अर्ज कोठे करावयाचा हे त्यांवरून ठरते. तथापि नाते बदलले म्हणून गाव दुसरे झाले नाही, आणि चिमूरला जाणाऱ्या वाटसरूला यांपैकी कशाचीही चौकशी करावी लागत नाही. १९९८ च्या योजनेने मात्र असे नाते गावाच्या नावातच गोवले होते.

६

ही गोष्ट स्पष्टपणे ओळखण्याचे श्रेय ब्लूमबर्ग या संस्थेतील अभ्यासकांकडे जाते. जॉन लेकॉस यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे विकसित झालेल्या लायब्ररीत ॲलोकेटर हा पात्राच्या प्रकारात न ठेवता पात्र निर्माण होताना त्याच्या हाती देण्याची रीत होती. पाब्लो हॅल्पर्न यांनी २००५ पासून समितीपुढे या विचाराचा पाठपुरावा केला, आणि २०१७ च्या आवृत्तीत तो 'मेमरी रिसोर्स' म्हणजे स्मृतिसाधन या नावाने प्रविष्ट झाला. या पद्धतीत सर्व साधनांचे बाह्य रूप एकच असते. साधन भिन्न असले तरी पात्राचा प्रकार बदलत नाही. एक साधन तुकडे क्रमाने देत जाते आणि शेवटी सर्व एकदम सोडते. दुसरे समान आकाराच्या तुकड्यांचे गट बाळगते. तिसरे नेहमीच्या सामाईक साठ्याकडे जाते. आणि एक तर प्रत्येक मागणी नाकारते, म्हणजे ठरविलेल्या मर्यादेबाहेर कोणी गेल्यास ते तत्काळ उघडकीस येते. पात्रात पात्रे असतील, तर बाहेरच्याचे साधन आतल्यांना आपोआप मिळते, ही सोयही महत्त्वाची आहे. घरच्या पात्राचे द्रव्य घरातच राहते.

ॲलोकेटर येथे विभक्तीच्या स्थानी आला. 'झाड' या शब्दाची जात न बदलता त्याला 'झाडाला', 'झाडाने', 'झाडात' अशी नाती प्राप्त होतात, तसेच हे. उपमा एका ठिकाणी तोकडी पडते : विभक्ती वाक्यागणिक बदलते, पात्राचे साधन मात्र जन्मवेळी ठरले की बदलत नाही. पण हा फरक दोषास्पद नाही. पूर्वी सांगितलेल्या धान्यकोठीच्या न्यायाने ज्याचे ऋण त्याला फेडावयाचे असल्यामुळे तसेच असणे युक्त आहे.

तत्त्व युक्त असले तरी अंमल निर्दोष नाही. पहिला दोष असा की, अशा पात्राची नक्कल निर्माण केली आणि साधन सांगितले नाही, तर नक्कल मूळ पात्राच्या साधनाकडे न जाता त्या वेळच्या सर्वसाधारण साधनाकडे जाते. यामागे कारण आहे : नक्कल मूळ साधनापेक्षा अधिक जगू शकते. परंतु जागा कोठून यावी याची काळजी घेणाऱ्याला ती नकळत दुसरीकडून आली, हे न कळणे घातक आहे. दुसरा दोष याहून गंभीर. भिन्न साधनांच्या दोन पात्रांची अदलाबदल केल्यास परिणाम काय होईल, हे प्रमाणग्रंथ सांगतच नाही. ते वर्तन अनिर्धारित आहे. दोन्ही प्रकार एकच असल्याने कंपायलरही आक्षेप घेत नाही. जुन्या योजनेत ही चूक प्रकारभेदामुळे निदान भाषांतराच्या वेळी पकडली गेली असती. तिसरा दोष आयुर्मानाचा. साधन आधी नष्ट झाले आणि पात्र उरले, तर पात्र ज्याच्याकडे जागा परत करू पाहते तो धनीच अस्तित्वात नसतो. आणि हे पाहण्याची जबाबदारी सर्वस्वी लिहिणाऱ्यावर टाकलेली आहे. अन्वयाची जाचक बंधने सैल झाली, पण त्या बंधनांनी जे संरक्षण दिले होते तेही त्याबरोबर गेले, हे नमूद केले पाहिजे.

चौथा दोष योजनेच्या आतला नाही, तिच्या भोवतालचा आहे. प्रमाण लायब्ररीतील कित्येक प्रकार या व्यवस्थेबाहेर राहिले. फाइलींचे मार्ग दर्शविणाऱ्या प्रकाराला ॲलोकेटर नाही. कोणतेही मूल्य धारण करणाऱ्या 'एनी' या प्रकाराला नाही. आणि 'फंक्शन' या प्रकाराला २०११ मध्ये दिलेला ॲलोकेटर २०१७ मध्ये काढून घेण्यात आला, कारण त्याचा अर्थ सुसंगतपणे सांगता येईना. ज्या वर्षी तत्त्व स्वीकारले त्याच वर्षी एका ठिकाणी ते सोडावे लागले. शिवाय साधी स्ट्रिंग आणि स्मृतिसाधनाची स्ट्रिंग हे आजही दोन भिन्न प्रकार आहेत; जुने मागे घेता येत नाही म्हणून नवे त्याच्या शेजारी ठेवले गेले. व्याकरणाच्या प्रारंभी केलेल्या चुकीची ही किंमत आहे.

७

या साऱ्या खटाटोपावर एक मूलगामी आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाही. एमरी बर्गर, बेंजामिन झॉर्न व कॅथरिन मॅकिन्ली यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वतःची वाटपव्यवस्था वापरणारे आठ प्रोग्रॅम तपासले. त्यांपैकी सहांमध्ये डग ली यांचा सर्वसाधारण ॲलोकेटर तितकाच किंवा अधिक चांगला ठरला. मग सामान्य लिहिणाऱ्याने या वाटेला जावेच कशाला? आक्षेपाचे बळ मान्य केले पाहिजे. वेगाच्या केवळ समजुतीने स्वतःचा ॲलोकेटर लिहिणे बहुधा व्यर्थ असते. परंतु त्याच अभ्यासात अपवाद आढळला तो एकरकमी सोडून देण्याच्या पद्धतीचा, म्हणजे आयुर्मानाच्या कारणाचा. आणि स्थानाचे कारण तर या मोजमापाच्या कक्षेत येतच नाही. आज विद्यार्थ्यांच्या हाती सर्रास दिसणाऱ्या ईएसपी-३२ या लहान प्रक्रियकात आतील स्मृती ५२० किलोबाइट असते, आणि काही मोड्यूलांत बाहेरून ४ किंवा ८ मेगाबाइटची मंद स्मृती जोडलेली असते. कोणते पात्र आत ठेवावे व कोणते बाहेर, हा तेथे वेगाच्या हौसेचा नव्हे, तर काम चालेल की बंद पडेल याचा प्रश्न असतो. स्टेपानोव यांच्या काळची 'जवळची' व 'दूरची' स्मृती अशा रीतीने परत आली आहे. फरक एवढाच की, आता दोन्हींकडील पत्त्याचे रूप एकच आहे. भिन्न आहे ते मूळ.

याउलट, पत्त्याचे रूपच भिन्न असण्याची गरजही नाहीशी झालेली नाही. दोन स्वतंत्र प्रोग्रॅमांनी एकच स्मृती वाटून घेतली, तर ती प्रत्येकाला निराळ्या पत्त्यावर दिसू शकते. तेथे साधा पॉइंटर निरर्थक ठरतो व 'येथून इतक्या अंतरावर' असे सांगणारा सापेक्ष पॉइंटर लागतो. बूस्ट संग्रहातील इंटरप्रोसेस या लायब्ररीत असा पॉइंटर आहे, आणि तो पात्रात वापरण्यासाठी जुनी प्रकारगत योजनाच उपयोगी पडते. २०१७ चे स्मृतिसाधन साधाच पॉइंटर देते. त्यामुळे या कामी ते असमर्थ आहे. म्हणजे ज्यांनी जुनी योजना सर्वथा त्याज्य ठरविली, त्यांचेही पूर्णतः बरोबर नाही.

तेव्हा निष्कर्ष असा निघतो : लिंग की विभक्ती, हा प्रश्न मुळात एका वस्तूविषयी नव्हताच. ॲलोकेटर या एका नावाखाली दोन वस्तू होत्या. पत्त्याचे रूप हे खरोखर लिंग आहे. ते प्रकारात असले पाहिजे, कारण त्यावर प्रत्येक क्रियेचा अन्वय अवलंबून असतो. स्मृतीचे मूळ ही विभक्ती आहे. ती व्यक्तीजवळ असली पाहिजे, कारण ती प्रसंगाने येते. १९९४ मध्ये समितीने दोहोंना लिंगाचे स्थान दिले आणि पुढे खऱ्या लिंगालाच नाकारले; २०१७ मध्ये विभक्तीला तिचे स्थान मिळाले, पण लिंगाची वाट जुन्या घरातच राहिली. दोष एका संज्ञेत दोन संकल्पना कोंबण्याचा आहे, आणि तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांइतकाच व्याकरणकारांच्याही परिचयाचा आहे. मराठीत 'विभक्ती' या एकाच नावाने कधी प्रत्ययाचे रूप तर कधी कारकाचा अर्थ सांगण्यातून जे वाद माजले, त्यांचे मूळही याहून फार वेगळे नव्हते.

इतर भाषांनी या इतिहासापासून काय घेतले, हे पाहण्याजोगे आहे. रस्ट भाषेच्या पात्रांना ॲलोकेटर प्रकाराचा घटक म्हणूनच देण्याची योजना आहे. ती पुष्कळ वर्षे प्रायोगिक अवस्थेत रेंगाळली, हेही सूचक आहे. मात्र साधन पात्राआधी नष्ट होऊ नये, ही जबाबदारी तेथे कंपायलरकडे जाते, आणि वर सांगितलेला तिसरा दोष त्यामुळे बराच टळतो. झिग भाषेत जागा मागणाऱ्या फंक्शनला ॲलोकेटर उघडपणे हाती देण्याचा प्रघात आहे. नाते प्रत्येक वाक्यात उच्चारावे लागते, म्हणून ते विसरले जात नाही. उच्चाराचे कष्ट वाढतात, पण जबाबदारी दृष्टीआड होत नाही.

सी प्लस प्लसची योजना अयशस्वी म्हणून सोडून देणे अन्यायाचे होईल. स्मृती कोठून यावी हे सांगण्याचा हक्क वापरणाऱ्याला असावा, ही तिची मूळ भूमिका उचित होती. पुढे झालेली सारी टीका त्या हक्काविरुद्ध नसून तो बजावण्याच्या रीतीविरुद्ध होती. वर्गात ही योजना शिकविताना नियमांची जंत्री देण्याऐवजी आधी एवढे विचारले तरी पुरे : या पात्राचे द्रव्य कोठून आले, ते कोणाला परत जावयाचे, आणि परत घेणारा तोवर शिल्लक असेल का? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येतात, त्याला प्रमाणग्रंथातील कलमे वाचताना अडचण पडू नये. ज्याला देता येत नाहीत, त्याला ती कलमे पाठ असूनही उपयोग होणार नाही.